ठकूचा तळहात

शिवनखोऱ्याला अजून गाडीवाट फुटली नव्हती, तवाची ही गोष्ट. लई वर्सं झाली. किती, ते इचारू नगा, मोजायला तवा कुनी बसलं नव्हतं. डोंगराच्या बेचक्यात तीस-पस्तीस घरं, आन् घरांच्या मागं देवीची राई. राईत सगळी शिवनीची झाडं. शिवनीचं लाकूड हलकं, पिवळट, कोरायला मऊ. पन राईतली शिवन तशी न्हवं. दिसायला तशीच, हात लावला तर तशीच, आन् हत्यार लावलं की धार खायाची. सकाळी केस कापनारी पटाशी दुपारी भाकरीचा तुकडा कापंना. आसं म्हनत्यात की त्या लाकडाला भूक हाय, आन् ते लोखंडाच्या धारंवरच जगतं.

त्याच लाकडाची गावची देवी, शिवनजाई. दगडाची न्हाई, चांदीची न्हाई, लाकडाची. आता लाकूड म्हंजी वाळवी आली, वल आली. म्हनून दर बावीस वर्सांनी देवी नवी करायची. काम सुताराच्या घराचं. नऊ दिस. पहिल्या दिसाला खोडाला पहिला टवका मारायचा, आन् नवव्या दिसाला दिवेलागनीच्या आत देवीचं डोळं उघडायचं. एका डोळ्याला एक घाव. दुसरा घाव न्हाई.

आन् एक नेम व्हता, तो नीट ऐका, सगळं त्येच्यावरच हाय. ह्या नऊ दिसांत हत्याराला दगड लावायचा न्हाई. निसना, म्हंजी धार लावायचा दगड, सुताराच्या घरातनं उचलायचा आन् फडक्यात बांधून गुरवाच्या घरी ठेवायचा. का? तर आसं म्हनत्यात की अगदी पहिल्या सुतारानं देवी कोरता कोरता पटाशी दगडावर घासली. तो करकर आवाज लाकडात शिरला. देवी देवळात बसली आन् दात खायला लागली. भर दुपारी, भाकरी खाताना, पोर पाजताना, सगळ्या गावाला ऐकू यायचं. बावीस वर्सं. चांगली चांगली मानसं कानात बोटं घालून मेली. तवापासनं दगड बंद.

मंग आता सांगा. धार खानारं लाकूड, नऊ दिस, आन् दगड न्हाई. कसं करायचं?

बयाजी सुताराची पाळी आली तवा त्येनं काय केलं, तर वठ आवळून जोर लावला. मेल्या धारंनं काम रेटलं. उजवा डोळा कसाबसा उघडला. डाव्याला पटाशीनं कापलंच न्हाई, चेपलं. धार नसली की लाकूड कापत न्हाई, त्येचं तंतू चेंगरत्यात, कुठल्या बी सुताराला इचारा. डावा डोळा चेंगरला तो चेंगरलाच. आन् त्या सालापासनं सुताराच्या घरात जे पोर जल्मलं, त्येचा डावा डोळा मिटल्याला. झोपेत मिटतो तसा न्हवं. कातडं सपाट, आन् त्यावर आंगठ्यानं दाबल्यागत वळ. बयाजीच्या पोरीची दोन पोरं तशी झाली. मंग बयाजीचा पोरगा हैबती, त्येची पहिली पोरगी येसू, ती बी तशीच.

ह्या येसूची आई ठकू.

ठकूचं म्हायार फन्या करनाऱ्या सुतारांचं. लाकडाची फनी म्हंजी दाताला लागून दात, मधी केसाएवढी जागा. हत्यार वाईच बोथटलं की दात मोडला, फनी चुलीत. बापाला पोरगा नव्हता, म्हनून ठकू ल्हानपनापासनं हत्यारापाशी. बापानं तिला सांगितल्यालं, परत्येक हत्याराला त्येचं सोताचं फडकं, करंजाच्या तेलाचं बोट लावल्यालं. लोखंडाला लोखंड लागू द्यायचं न्हाई. आन् धार मरायची वाट बघायची न्हाई. मेली की मंग दगडच लागतो, आन् दगड लोखंड खातो. मरायच्या आधीच, चार-सहा घाव झालं की हत्यार तळहातावर घ्यायचं. पातं निजवायचं, धार मागल्या अंगाला ठेवायची आन् मागं वढायचं. सप्. फुडं ढकललं तर हात चिरंल. मागं वढलं की धारंवरची बारीक लव बसती, आन् तेच हत्यार दगडाबिगर आठ दिस चालतं. बाकी काय न्हाई. मंतर न्हाई, तंतर न्हाई. पन रोज करावं लागतं, आन् रोज करायचा कटाळा सगळ्यांनाच.

बयाजी वारला. बावीस वर्सं भरली. नवी देवी करायचं काम हैबतीवर आलं, आन् त्याच टायमाला ठकूला सातवा म्हैना.

येसू पाच वर्सांची. आईच्या पोटाला कान लावून बसायची. एक दिस म्हनली, "आई, बाळाला किती डोळं असत्याल?"

ठकू म्हनली, "दोन की."

"मला एकच हाय."

ठकूनं पोरीचं डोस्कं कुरवाळलं आन् उठून गेली. देवीचा डावा डोळा नीट उघडला तर पोटातल्या पोराचा उघडंल. न्हाई उघडला तर ह्ये बी तसंच, आन् ह्येच्या मागचं बी तसंच, अजून बावीस वर्सं. रातदिस तिच्या डोस्क्यात ह्येवढंच.

ती हैबतीला म्हनली, "आवो, दर चार घावांनी हत्यार हातावर घेत जावा. माझा बाप घ्यायचा."

हैबतीचा हात चांगला व्हता, डोस्कं वाईट. म्हनला, "तुझ्या बापानं फन्या केल्या. मी देव करतोय. तू भाकरी कर."

झालं. खोड घराफुडच्या मांडवात उभं केलं. निसना गुरवाच्या घरी गेला. गुरव व्हता नारू, म्हातारा, नेमाचा कडक. त्येनं मांडवाच्या दाराशी राखंची रेघ वढली आन् सगळ्यांदेखत बोलला, "बाईमानसानं हत्याराला शिवायचं न्हाई. आन् पोटुशीची तर सावली बी ह्या रेघंच्या आत नगं."

पहिला दिस गेला. दुसऱ्या दिसाला पहाट फुटायला हैबती नदीवर आंघूळीला गेला, कारन आंघूळीबिगर खोडाला हात लावायचा न्हाई. ठकू उठली. रेघ वलांडली आन् मांडवात शिरली.

हत्यारं खाली पडल्याली, भुशात, एकावर एक. तिनं एकेक उचललं, पुसलं, डाव्या तळहातावर घेतलं. सप्. सप्. सप्. मंग तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं, ह्ये इकडं, ते तिकडं, आन् हैबती यायच्या आत भाईर. हैबती आला, हत्यार लाकडाला लावलं, आन् टवका कसा, सायीवानी निघाला. गडी खूश. फडकी कुनी गुंडाळली ह्ये त्येला पडलंच न्हाई. आपल्या बायकोनं आपला पसारा आवरला, तो तर रोजच आवरती.

आसं रोज. पन मांडवात काय तरी व्हतं. तिसऱ्या पहाटं ठकूला जानवलं की खोडाचा तवर नाकडोळ्याबिगरचा तोंडवळा काल दाराकडं व्हता, आज तिच्याकडं हाय. चौथ्या पहाटं वारं नसताना भुसा सरकत आला आन् तिच्या पावलांभोवती गोळा झाला. पाचव्या पहाटं तिनं पातं मागं वढलं, सप्, आन् पोटातलं पोर हललं. थांबली, ते बी थांबलं. पुन्हा वढलं, पुन्हा हललं. आन् कुनीतरी मानंजवळ, अगदी जवळ, श्वास आत घेतला. भाईर सोडला न्हाई.

तिला भ्या वाटलं का? वाटलं की! पन भ्याली म्हनून धार टिकत न्हाई. ती रोज जात ऱ्हायली.

सातव्या दिसाला भाकरी थापताना तिला दिसलं की डाव्या तळहातावरच्या बारीक बारीक रेघा गेल्यात. चिरल्या न्हाईत, सोलल्या न्हाईत, गेल्यात. हात गुळगुळीत, नदीतल्या गोट्यागत. मोठ्या तीन तेवढ्या ऱ्हायल्यात. तिनं पिठाचा हात पुसला आन् कुनाला सांगितलं न्हाई.

आठव्या दिसाच्या सांजंला हैबती पारावर जाऊन बसला. छाती फुगवून म्हनला, "बगा! आठ दिस झालं, धार जिती हाय. माझ्या बापाला जमलं न्हाई, ते ह्या हातानं केलं."

केरबा न्हावी शेजारी बसल्याला. म्हनला, "ह्याच हातानं गेल्या साली माझ्या दाराची चौकट केलीस. दार अजून लागंना. कुत्रं आत येतं आन् माझ्या आधी जेवतं."

सगळी हसली. हैबतीचं टाळकं सटकलं. त्येनं कमरंची पटाशी काढून केरबाच्या फुड्यात आपटली. "बग! धार बग की, मंग बोल!"

केरबानं ती उचलून नखावर लावली, आन् त्येचं हसू मावळलं. "हैबत्या," तो म्हनला, "माझा जल्म उस्तऱ्यावर गेला. मला सांगू नगंस. ही धार आपसूक टिकल्याली न्हाई. हिला रोज कुनीतरी कातड्यावर घेतंय. मऊ कातड्यावर."

हैबतीनं पटाशी वढून घेतली. उठला आन् घरी गेला.

नवव्या पहाटं तो नदीकडं निघाला, आन् आंब्यापातूर जाऊन माघारी फिरला. मांडवात ठकू भुशात बसल्याली. शेवटची, डोळ्याची पटाशी तिच्या हातात.

"ठके! बाटवलंस! सगळं बाटवलंस!"

ती म्हनली, "वरडू नगा. ही एकच ऱ्हायलीया. डोळ्याची हाय."

त्येनं हिसकली. फडकी उलगडून फेकून दिली, बाईचा हात लागल्याली म्हनून. सगळी हत्यारं गोळा केली आन् एका पोत्यात भरली, खन् खन् खन्.

"आवो, एका पोत्यात नगा घालू! धारंला धार लागंल!"

"गप! माझी हत्यारं मला शिकिवतीस?"

गडी मानसांनी देवी उचलून देवळाकडं नेली, कारन डोळं देवळातच उघडायचं. मागनं हैबती, खांद्यावर पोतं. पावलापावलाला पोत्यात लोखंड लोखंडाला लागतंय. घरापासनं देवळापातूर चार शेतं. चारी शेतं ठकूला तो आवाज ऐकू आला. ती उंबऱ्यावर बसली, एक हात पोटावर.

दुपार कलली. सगळा गाव देवळात. हैबतीनं उजव्या डोळ्यावर डोळ्याची पटाशी ठेवली आन् घाव घातला. डोळा उघडला. पन घावाच्या शेवटाला वाईच कर्र झालं. दुसऱ्या कुनाला कळलं न्हाई, हैबतीला कळलं. त्येनं पटाशी उजेडाकडं धरली. धारंला खांड पडल्याली. तिळाएवढी. नखावर लावली तर पातं घसरून गेलं, नख धरंना.

ह्या पटाशीनं डाव्या डोळ्याला घाव घातला आसता, तर काय झालं आसतं ते त्येला ठावं व्हतं. ते रोज त्येच्या घरात खेळत व्हतं.

सूर्व्या डोंगराकडं सरकला. कुनीतरी मागनं म्हनलं, "मार की लेका!" तरी तो उभाच. मंग त्येनं पटाशी खाली ठेवली न्हाई, हातात घेतली, आन् सगळ्या गावादेखत वळून घरच्या वाटंला लागला. पळत गेला.

ठकू उंबऱ्यावरच व्हती. तो दम खात उभा ऱ्हायला.

"ठकू," तो म्हनला. ठके न्हाई, ठकू. "खांड पडली गं."

तिनं 'म्या सांगितलं व्हतं' म्हनलं न्हाई. दुसरी आसती तर म्हनली आसती, मी तर म्हनलोच आसतो. ती भिंतीला हात लावून उठली आन् म्हनली, "चला."

देवळाच्या दारात नारू गुरव आडवा झाला. "पोटुशी बाई आत न्हाई."

ठकू म्हनली, "मंग सूर्व्याला थांबायला सांगा, गुरवबाबा. तुमचं ऐकत आसंल तर."

गुरव बाजूला झाला.

ती देवीच्या फुड्यात बसली. डावा हात उघडला. पातं निजवलं, मागं वढलं. सप्. सगळ्या गावाला ऐकू आलं. सप्. सप्. खांड तळहातावर निघत नसती, ह्ये मला बी ठावं हाय, शानपन शिकवू नगा. पन त्या दिसाला निघाली. एका अंगानं खांड बारीक व्हत गेली आन् दुसऱ्या अंगानं हातावरची रेघ. रगत आलं न्हाई. एक थेंब न्हाई. आलं आसतं तर बघनाऱ्यांना बरं वाटलं आसतं.

नारू गुरवाला हात बघायचं कळायचं. तो वाकून बघत व्हता. म्हनला, "गेली. नशिबाची गेली." सप्. सप्. "ही बी गेली, संसाराची." मंग ऱ्हायली एकच, आंगठ्याला वळसा घालनारी. गुरवानं तिचं मनगट धरलं. त्येचा आवाज फाटला. "पोरी, थांब. ही आयुष्याची हाय. ही गेली तर येळ भरल्यावर तुला न्यायला जो येनार, त्येनं तुला वळखायचं कसं?"

"न्हाई वळखलं तर माघारी जाईल," ठकू म्हनली. "सोडा हात. उजेड चाललाय."

सप्.

तिनं पटाशी नखावर लावली. नखानं धरली. मंग हैबतीच्या हातात दिली.

हैबतीनं घाव घातला. आसं म्हनत्यात की त्या घावाचा आवाज आला न्हाई. पटाशीवर लाकडी मोगरी पडलेली सगळ्यांनी पाहिली, पन आवाज न्हाई. एक टवका, अख्खा, गोल वळल्याला, खाली पडला. आन् देवीनं पाहिलं.

देवळातल्या परत्येकाला वाटलं की देवी आपल्याकडंच बघतीया. ठकूला तेवढं वाटलं न्हाई. तिला वाटलं, देवीनं तिच्यावरनं नजर काढली.

दुसऱ्या दिशी नारू गुरव देवीला तेल लावायला गेला. हैबतीनं देवीचं तळहात साफ सपाट ठेवल्यालं, तसंच ठेवायची रीत. गुरवानं डावा तळहात पुसला आन् हातातली वाटी पडली. तळहातावर रेघा व्हत्या. मोठ्या तीन, बारीक बारीक सगळ्या, आन् करंगळीखाली इळ्याचा जुना वन बी. ठकूला ल्हानपनी गवत कापताना लागल्याला.

दोन म्हैन्यांनी ठकूला पोरगा झाला. सुईननं फडक्यात गुंडाळून येसूच्या फुड्यात धरला. येसूनं वाकून पाहिलं आन् गल्लीभर वरडत पळाली, "दोन! दोन हायत!"

हितं गोष्ट संपली आसती तर बरं झालं आसतं. संपली न्हाई.

वर्सं गेली. नारू गुरव गेला, केरबा गेला. हैबती गेला. शेवटाला ठकूचा गुळगुळीत हात गालाला लावून पडून ऱ्हायचा. देवळातल्या त्या दिसानंतर तो तिला पुन्हा ठके म्हनला न्हाई. ठकूच्या बरोबरीचं सगळं गेलं, तिच्या मागून आल्यालं बी जायला लागलं. आन् एक दिस भर दुपारी गावातली सगळी कुत्री उठून उभी ऱ्हायली. भुंकली न्हाईत. सगळ्यांच्या माना एकदम हलायला लागल्या, ह्या दारावरनं त्या दाराला, कुनी चालत चालल्यागत. माना सुताराच्या घरापाशी येऊन थांबल्या. ठकू पायरीवर सुपात तांदूळ पाखडत बसल्याली. तिनं सूप खाली ठेवलं आन् डावा हात फुडं केला. लई येळ धरला. मंग कुत्र्यांच्या माना वळल्या, फुडल्या घराकडं, आन् फुडं, आन् गावाभाईर.

आसं तीनदा झालं, आसं म्हनत्यात. तिसऱ्या टायमाला ती पोराला म्हनली, "मला हुडकत्यात रं. सापडत न्हाई."

त्येच्यानंतर ती पातळ व्हायला लागली. बारीक न्हवं, पातळ. फुड्यातनं पाहिलं तर बाई जशीच्या तशी, तीच पाठ, तेच पांढरं केस. पन कडंनं पाहिलं तर पात्यागत. पोरं तिच्या बाजूनं जायला भ्यायाची. तिच्या अंगनात सुकत घातल्याली धुनी वाऱ्यानं तिला लागली की चिरायची. ती कुनाला जवळ घेईनाशी झाली. येसूला बी न्हाई, सोताच्या नातवाला बी न्हाई. हत्यारं तेवढी जवळ घ्यायची.

अवसंचा दिस व्हता. अवसंला सुतार काम करत न्हाई, हत्यार ठेवून देतो. ठकू सकाळच्या उन्हात अंगनात बसून पोराची हत्यारं हातावर घेत व्हती. येसू आता सोता म्हातारी झाल्याली. ती दारात आली आन् म्हनली, "आई, चल, दोन घास खा."

"आले," ठकू म्हनली, आन् उठून वळली. वळली ती कडंवर. येसूला एक रेघ दिसली, उभी, चकाकती. मंग रेघ बी दिसंना. पटाशी न् फडकं तेवढं खाली पडलं.

गावानं आठ दिस हुडकलं. कशाला हुडकलं कुनास ठावं. जिला यमाचं मानूस हुडकू शकलं न्हाई, ती ह्यांना गावनार व्हती!

तवापासनं शिवनखोऱ्यात सुतार हत्यार एका पोत्यात भरत न्हाई. परत्येकाला त्येचं फडकं, तेलाचं बोट लावून. नवं हत्यार आनलं की पहिल्या घावाच्या आधी डाव्या तळहातावर तीनदा मागं वढायचं आन् म्हनायचं, "ठकू, धर गं." अवसंच्या सकाळी समदी हत्यारं अंगनात मांडायची, धार भाईरच्या अंगाला, आन् घरच्यांनी आत बसायचं. भाईरनं सप्, सप्, आसा आवाज आला तर येऊ द्यायचा. कडंनं डोकवायचं न्हाई. उन्हं वर आल्यावर उचलायची. ती हत्यारं म्हैनाभर दगड मागत न्हाईत. भाईरगावचं सुतार येऊन बघून गेल्यात, इस्वास नसंल त्येनं जाऊन बघावं, माझ्याशी वाद घालू नये.

आन् देवी तवापासनं पाचदा नवी झाली. दर टायमाला सुतार तिचा डावा तळहात सपाट सोडतो, आन् दहाव्या सकाळी त्यावर रेघा असत्यात. त्याच तीन, तोच इळ्याचा वन. आयुष्याची रेघ तेवढी दर खेपेला लांब झाल्याली असती. आधी तळहातात मावायची. मंग मनगटाशी आली. आता मनगट वलांडून कोपराकडं निघालीया. गुरव ती दोऱ्यानं मापतो, आन् तो दोरा त्या साली गावात जल्मल्याल्या पहिल्या पोराच्या मनगटाला बांधत्यात, आयुष्य मिळावं म्हनून. मागल्या खेपेला दोरा पोराच्या मनगटाला तीन येढं बसला, तरी टोक लोंबत ऱ्हायलं. ते टोक कापायचं नसतं. कुनी कापत न्हाई.